परवाना कुणाच्या नावावर?

नवा मोबाइल घेतला की काय होतं, हे आता घरोघरी माहीत झालंय. जुन्या फोनमधले फोटो येतात, नंबर येतात, व्हॉट्सॲपच्या गप्पासुद्धा येतात. पण पैसे पाठवायचं ॲप मात्र ओळखच दाखवत नाही. कुठलं सिम, मेसेज पाठवा, पडताळणी करा, मग पुढचं बोला. सामान सगळं आलं, पण दारावरच्या वॉचमनने आपल्याला नव्याने नावगाव विचारावं, तसं. आणि ते बरंच आहे म्हणा, नाहीतर आपला फोन ज्याच्या हाती लागेल तो आपल्या खात्याचा मालक व्हायचा.

मैत्रिणींनो, कॉम्प्युटरची डिस्क बदलताना नेमकं हेच घडतं. फरक इतकाच, की फोनचं आपल्याला माहीत असतं आणि कॉम्प्युटरचं ‘तो दुकानातला मुलगा बघून घेईल’ म्हणून आपण सोडून देतो.

माझं सासर रोह्याचं, माहेर पेणचं. बचत गटांच्या कामानिमित्त दोन्हीकडे सतत जाणंयेणं असतं. पेणला गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती रंगवणाऱ्या बायका पूर्वीपासून आहेत. आता ऑर्डरींची नोंद, परगावच्या व्यापाऱ्यांची बिलं आणि परदेशी जाणाऱ्या मूर्तींचे कागद सांभाळणाऱ्या सुनाही आहेत. पोह्याचे पापड, मिरगुंडं करणाऱ्यांची लेबलं घरच्या कॉम्प्युटरवर होतात. रोह्यात कुणी लग्नपत्रिका जुळवते, कुणी चार दुकानांचे हिशेब लिहिते. यातल्या कितीजणींनी मुलं शाळेत गेल्यावर दुपारच्या वेळात एमएस-सीआयटी केलेलं आहे! म्हणजे कॉम्प्युटर आता बैठकीच्या खोलीतली शोभेची वस्तू राहिलेला नाही, तो पोटापाण्याचा आहे.

आणि तो कधीतरी दगा देतोच. जुन्या हार्डडिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते. वीज अचानक जाते, येते, पुन्हा जाते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हे किती वेळा होतं ते सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. अशा धक्क्यांनी तबकडी थकते. मशीन चालू व्हायला दहा मिनिटं लागू लागली, आतून टकटक आवाज येऊ लागला, की समजावं, हिचे दिवस भरत आले. मग एसएसडी घालायचा सल्ला मिळतो. तीत फिरणारं काही नसतं, आणि जुनं मशीनही तिच्यामुळे पळायला लागतं. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे अनेकींच्या घरी डिस्क किंवा अख्खा कॉम्प्युटर बदलायचा विषय निघाला आहे.

इथे दोन शब्द नीट समजून घ्यायला हवेत. बॅकअप म्हणजे डब्यातला जिन्नस दुसऱ्या डब्यात काढून ठेवणं. आपली बिलं, फोटो, पत्रं यांची प्रत. क्लोन म्हणजे अख्खं स्वयंपाकघर, मांडणीवरच्या डब्यांच्या क्रमासकट, जसंच्या तसं दुसरीकडे उभं करणं. विंडोज, सॉफ्टवेअर, फाइली, सगळं. नुसता सॉफ्टवेअरचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन भागत नाही (पेणला राहून पेन ड्राइव्हवरचे विनोद आम्ही भरपूर ऐकलेत!), कारण प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या नोंदी विंडोजच्या पोटात दहा ठिकाणी लिहून ठेवतं. काही तर आपली खूण फाइलमध्ये न ठेवता डिस्कच्या सुरुवातीच्या, एरवी रिकाम्या असणाऱ्या जागेत ठेवत आले आहेत. फाइली कॉपी करणाऱ्याला ती दिसतच नाही. क्लोनमध्ये, आणि त्यातही ‘सेक्टर-बाय-सेक्टर’ हा पर्याय निवडला तर, तीही सोबत येते.

मग अडतं कुठे? अडतं ते परवान्यापाशी. आपण पैसे भरून सॉफ्टवेअर घेतो तेव्हा ते मशीनची ओळख टिपून ठेवतं. कुणी मदरबोर्ड बघतं, कुणी डिस्कचा कारखान्यातून आलेला नंबर बघतं. तो नंबर क्लोनमध्ये येत नाही. जुळ्या बहिणी दिसायला कितीही सारख्या असल्या तरी अंगठ्याचा ठसा वेगळाच असतो, तसं हे.

रोह्यातल्या एका गटाचं उदाहरण सांगते. मार्चअखेर तोंडावर आली होती आणि मशीन बसलं. दुरुस्तीवाल्याने क्लोन उत्तम केला, एक बिल इकडचं तिकडे झालं नाही. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरने परवाना पुन्हा मागितला आणि त्याचा कोड गेला एका ई-मेलवर. तो ई-मेल कुणाचा? तर काही वर्षांपूर्वी ज्या मुलाने ते बसवून दिलं त्याचा. तो कधीच गाव सोडून गेलेला. पैसे गटाचे, मेहनत गटाची, पावतीसुद्धा गटाच्या फाइलला लावलेली. पण सॉफ्टवेअरच्या लेखी मालक तोच. त्याचा ठावठिकाणा लागेपर्यंत आठ दिवस बायकांनी बिलं हाताने लिहिली, आणि अध्यक्षबाईंना बँकेत दोनदा मुदत मागायला जावं लागलं. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. ‘तुमचा ई-मेल आहे का?’ असं त्याने विचारलं असेल, आणि बायकांनी एकमेकींकडे बघितलं असेल.

सातबाऱ्यावर नाव आहे का, हे विचारायला आपण शिकलो. आता हेही विचारायचं. टॅलीचा परवाना कुठल्या ई-मेलवर आहे? विंडोजचं खातं कुणाचं? कोरल ड्रॉ, अँटिव्हायरस कुणाच्या मोबाइल नंबरवर? एक साधी वही करा. सॉफ्टवेअरचं नाव, घेतल्याची तारीख, सीरियल नंबर, नोंदवलेला ई-मेल, पावती कुठे ठेवली. ई-मेल गटाच्या किंवा धंद्याच्या नावाने स्वतंत्र काढा. पासवर्ड दोघींना माहीत हवा. पासवर्ड त्याच वहीत लिहू नका, एवढं मात्र पाळा.

आता प्रत्यक्ष डिस्क बदलायची वेळ आली, की दुरुस्तीवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. लाजू नका. पहिलं काम, आपल्या फाइलींचा वेगळा बॅकअप. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून ‘डेटा’त ‘बॅकअप’ मिळतं. तो बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. त्यानंतर परवाना परत करायचा. टॅलीत एफ-१ दाबून ‘सेटिंग्ज’, त्यात ‘लायसन्स’, त्यात ‘सरेंडर’. इंटरनेट चालू हवं. परत केला म्हणजे गेला नाही हो, भाड्याच्या घराची किल्ली मालकाकडे देऊन दुसऱ्या घराची घेण्यासारखं आहे. नव्या डिस्कवर तोच परवाना पुन्हा चालू करता येतो. मधल्या काळात टॅली शिकाऊ अवस्थेत चालते आणि महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी घेते. ते बघून घाबरायचं कारण नाही, हिशेब जागेवरच असतात.

विंडोजचं त्यामानाने सोपं आहे. नव्या पद्धतीचा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे नुसती डिस्क बदलली तर सहसा काही मागत नाही. अख्खं मशीन बदलायचं असेल तर मात्र ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘ॲक्टिव्हेशन’ बघून तो परवाना आपल्या खात्याला जोडून घ्यावा. आणि मशीनबरोबर आलेला परवाना असेल, तर तो बहुधा त्या मशीनबरोबरच संपतो, हेही दुकानात पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गोष्ट असते, बिटलॉकरचं कुलूप. आपल्या नकळतही ते लागलेलं असू शकतं. डिस्कला हात लावण्यापूर्वी त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि कुलूप काढायला सांगा. ती की नसेल तर आपल्याच डिस्कमधलं आपल्यालाच वाचता येत नाही.

क्लोनसाठी वेगळा खर्च करावाच लागतो असं नाही. क्लोनझिला मोफत आहे, आणि बऱ्याच एसएसडी कंपन्या आपापलं सॉफ्टवेअर देतात. धोका एकच, पण मोठा. कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली, की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं स्वच्छ होतं. ते बटण दाबण्याआधी दोन्ही डिस्कची नावं मोठ्याने वाचायला लावा. काम झाल्यावर जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची. दोन्ही एकदम जोडल्या तर विंडोज त्यांच्यात गोंधळतं. निदान महिनाभर ती पुसू देऊ नका.

पत्रिका, पावतीपुस्तकं करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांना मशीनला लावायचं एक ‘लॉक’ असतं. ते क्लोन होत नाही. ते जपावं लागतं, मंगळसूत्राच्या डबीइतकं. शिवाय त्या फॉन्टमधला मजकूर फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. पंधरा वर्षांच्या पत्रिका अशा अडकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत. महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवला, म्हणजे तो कुठेही मराठीच दिसतो.

‘ताई, कशाला भानगड, क्रॅक टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्या फुकटाबरोबर काय काय आत येतं हे त्यालाही माहीत नसतं, आणि क्लोन केलात तर आलेला व्हायरसही इमानदारीने नव्या डिस्कवर जातो.

लॉकवरून आठवलं. ग्रामपंचायतीची देयकं आता डिजिटल सहीने निघतात, आणि ती सही एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते. तिचीही कॉपी होत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा आपल्या आहेत. पण टोकन कित्येक ठिकाणी सरपंचबाईंच्या यजमानांच्या खिशात असतं. कॉम्प्युटर बिचारा तेवढं ओळखत नाही. टोकन आणि पिन ज्याच्या हातात, तो त्याच्या लेखी सरपंच!

राहता राहिली प्रत ठेवायची जागा. क्लोन हा एका दिवसाचा फोटो असतो, उद्या केलेलं बिल त्यात नसतं. म्हणून हिशेबाचा बॅकअप दर आठवड्याला हवाच. जीएसटीची कागदपत्रं तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. जाणकार सांगतात, प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी. दुसऱ्या खोलीत नव्हे बरं का, दुसऱ्या गावात. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही, आणि २०२१ च्या जुलैत महाडमध्ये पाणी कुठवर चढलं तेही सगळ्यांनी पाहिलं. कुंडलिका फुगली की तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क, दोघी एकदमच भिजणार.

रोह्याच्या त्या गटाने आता यावर आपला तोडगा काढला आहे. एकीचं माहेर पेणला, दुसऱ्या मजल्यावर. बॅकअपच्या दोन डिस्क आहेत. एक रोह्यात असते, दुसरी प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात, ओलाव्यासाठी सिलिकाच्या दोन पुड्या घालून, पेणला. दर महिन्याला जी कुणी नागोठण्यावरून तिकडे जाते ती डिस्क बदलून आणते. आणल्याची तारीख वहीत लिहितात, आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघतात.