अ‍ॅपचे मोर्तब

रोवणी आटोपून चिखलाचे पाय धुतले, म्हणजे सानगडीच्या शेतकऱ्यापुढे जे दुसरे काम उभे राहते, ते पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात होत असे आणि आता त्याच्या खिशातल्या मोबाइलवर होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे आपल्या धानाचे छायाचित्र बांधीत उभे राहून आपणच काढावयाचे व सातबाऱ्यावर पिकाची नोंद करवून घ्यावयाची, असा शिरस्ता पडला आहे. सबब ‘अ‍ॅप टाकणे’ ही क्रिया साकोली तालुक्याच्या खेड्यांतही अंगवळणी पडली आहे. मागल्या पावसाळ्यात सानगडीच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी बसलो असता एक वृद्ध गृहस्थ आले आणि फोन पुढे करून दुकानातल्या मुलाला म्हणाले, “बाबू, किस्तीचं अ‍ॅप आलं, टाकून दे ना गा.” व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी धाडलेल्या त्या फाइलीचे नाव ‘पीएम किसान’ असे होते आणि नावाच्या शेपटीला ‘एपीके’ लागलेले होते.

एपीके म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपचे गाठोडे. आपण प्ले स्टोअरमधून अ‍ॅप घेतो तेव्हाही फोनवर उतरते ते हेच. त्यात प्रोग्राम असतो, चित्रे असतात, आणि कॅमेरा, संदेश, संपर्क यांपैकी कशाकशावर अधिकार हवा आहे याची यादी देणारा मॅनिफेस्ट नावाचा एक अर्जवजा कागद असतो. या सर्वांवर कर्त्याची अंकीय स्वाक्षरी असते, आणि शास्त्रीय मौज आहे ती तिच्यातच.

मराठी राजवटीतील कारकून पत्राचा मजकूर संपताच लगेच खाली मोर्तब उठवीत, ते अशासाठी की त्यापुढे कोणा लबाडाने एक ओळही वाढवू नये. अ‍ॅपची स्वाक्षरी याच जातीची आहे. मजकुरात एका अक्षराचा फेर झाला तरी जो पार बदलून जातो असा एक ठसा गणिताने काढतात, त्या ठशावर कर्ता आपल्या गुप्त किल्लीने सही करतो, आणि फोन ती सही ताडून पाहिल्याखेरीज गाठोडे सोडीत नाही; पुढे त्याच अ‍ॅपची सुधारलेली आवृत्ती आली तर तिच्यावरही त्याच किल्लीची सही लागते. या मोर्तबालाही एकदा बगल मिळाली होती. २०१३ साली ब्लूबॉक्स या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की गाठोड्यात एकाच नावाच्या दोन फाइली घातल्या, तर सही तपासणारा भाग एक फाइल वाचतो आणि अ‍ॅप चालविणारा भाग दुसरीच उचलतो. तपासनीस एका कागदावर समाधान पावतो आणि अंमल दुसऱ्याच कागदाचा होतो, हा प्रकार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या वाचकांना काही अपूर्व वाटणार नाही. ते छिद्र बुजविले गेले, आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये सुट्या फाइलींऐवजी सबंध गाठोड्यावरच सही करण्याची पद्धत आली.

परंतु मोर्तब अभंग आहे एवढ्यावरून मोर्तब करणाऱ्याची नियत कळत नाही. ही किल्ली कोणी सरकार देत नाही; ज्याची त्याने घरबसल्या घडवावी अशी मुभा आहे, आणि भामट्याची सहीसुद्धा गणिताच्या दृष्टीने निर्दोषच असते.

या मुभेमुळेच प्ले स्टोअरला वळसा घालून बाजूच्या दाराने अ‍ॅप बसविता येते, आणि तिने पुष्कळांचे भलेही केले आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ येऊन डेटा स्वस्त होण्यापूर्वी आमच्याकडे अ‍ॅप पसरत ते मेमरी कार्डातून आणि शेअरइटने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर, दमडीचा डेटा न जाळता. ते शेअरइट २९ जून २०२० च्या चिनी अ‍ॅपबंदीत गेले. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे एफ-ड्रॉइड हे भांडार २०१० पासून याच बाजूच्या दाराने चालत आले आहे. अँड्रॉइडने हे दार उघडे ठेवले, पण हळूहळू त्यावर पहारे बसविले: २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून बाहेरचे अ‍ॅप बसविण्याची परवानगी सरसकट न देता ज्या अ‍ॅपमधून फाइल आली त्या एकेका अ‍ॅपपुरती द्यावी लागते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, या मार्गाने अ‍ॅप वाटण्यास आडकाठी करू नये असाही हुकूम दिला होता. २०२३ च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा हुकूम रद्द केला. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलने जाहीर केले की २०२६ च्या सप्टेंबरपासून प्रथम ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे, आणि मागाहून अन्यत्र, ज्याने आपली ओळख पटविलेली नाही अशा कर्त्याचे अ‍ॅप प्रमाणित फोनवर बसू दिले जाणार नाही. एफ-ड्रॉइडवाल्यांनी त्यावर गहजब केला, आणि जाणत्या वापरकर्त्यांसाठी एक वेगळी वाट ठेवू असे गूगलला नोव्हेंबरात सांगावे लागले. माझे मत विचाराल तर कर्त्याने नाव सांगावे यात वावगे काही नाही. खटकते ते हे, की फोन माझा, अ‍ॅप दुसऱ्याचे, आणि दोघांमधला परवाना देणार एक तिसरीच खासगी कंपनी.

दुकानात आलेल्या त्या गृहस्थांची फाइल मी मागून घेतली होती, ती घरी संगणकावर उघडली. मॅनिफेस्टात आलेले संदेश वाचण्याचा अधिकार मागितला होता, म्हणजे बँकेचा ओटीपी आयताच हाती. शिवाय आणखी अ‍ॅप बसविण्याची परवानगीही होती, आणि चित्रांच्या जागी एक दुसरी एपीके दडवून ठेवलेली होती. सही चोख होती.

दुकानातल्या मुलाला यातले काही ठाऊक नव्हते, तरी त्याने त्या दिवशी ती फाइल पुसून टाकली होती. “हे नाही टाकत, काकाजी. हे स्टोअरमधलं नाही ना जी.”

“मंग किस्त?”

“किस्त खात्यात येते जी. वर्साचे सहा हजार, दोन-दोन हजार करून. अ‍ॅप असो का नसो.”

म्हाताऱ्याने फोन उलटसुलट करून पाहिला, आणि आलोच आहे तर ही फुटलेली काच तरी बदलून दे, म्हणून तो बाकावर बसला.