शेतातील घरटी आणि त्यांचे भक्षक

समुद्राने टिटवीची अंडी नेली आणि तिच्या जोडप्याने समुद्राशी वैर मांडले, ही पंचतंत्रातील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. शेतात अंडी घालणाऱ्या टिटवीला समुद्राचे भय नसते. परंतु कावळा, मुंगूस, साप, कोल्हा आणि गावातील कुत्रा हे तिचे शत्रू समुद्राहून कमी प्रबळ नाहीत. या शत्रूंमुळे शेतातील पक्ष्यांची संख्या खरोखरच घटते काय, आणि घटत असेल तर त्यावर उपाय कोणता, या प्रश्नाचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे.

उघड्यावरील घरटे

टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीतील एक उथळ खळगा. त्याच्या भोवती फार तर काही खडे किंवा शेळ्यांच्या लेंड्या असतात. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोके आतल्या बाजूस करून, मांडलेली आढळतात. अंड्यांच्या मातकट रंगावर काळसर डाग असल्यामुळे ती ढेकळांत सहज मिसळून जातात. शत्रू दिसताच उबवणारा पक्षी गुपचूप घरट्यावरून उठतो, आणि मग नर व मादी दोघेही आक्रोश करीत शत्रूच्या डोक्यावर झेपा घेऊ लागतात. पिल्ले अंड्यांतून बाहेर पडल्यावर अल्पावधीतच चालू लागतात. तोवर सुमारे चार आठवडे मात्र अंडी जागची हलू शकत नाहीत. आणि खरा धोका याच काळात असतो.

हा धोका किती मोठा असतो, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. समजा, शेतातील घरट्यांपैकी शेकडा दोन घरटी दररोज नष्ट होतात. दोन हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु अठ्ठावीस दिवसांच्या अखेरीस शंभरांपैकी सुमारे ५७ घरटीच शिल्लक राहतील. हेच प्रमाण शेकडा पाच झाले, तर केवळ २४ घरटी उरतील. शिवाय, निरीक्षकाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच नष्ट झालेली घरटी मोजदादीत येत नाहीत. म्हणून यशाचा आकडा वास्तवाहून मोठा दिसतो. अमेरिकन पक्षिनिरीक्षक हॅरल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्ये ही चूक दाखवून दिली आणि घरट्यांचे यश दिवसांच्या हिशेबाने मोजण्याची रीत सुचविली.

सॉल्झबरी येथील प्रयोग

तथापि घरटी नष्ट झाली म्हणजे पक्ष्यांची संख्या घटलीच, असे मात्र नव्हे. पहिली अंडी गेल्यास अनेक पक्षी पुन्हा अंडी घालतात. आणि वाचलेल्या पिल्लांपैकी कित्येक पुढे हिवाळ्यात मरण पावतात. तेव्हा भक्षकांचा खरा परिणाम प्रयोगानेच ठरविणे शक्य होते.

असा प्रयोग दक्षिण इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या पठारावर १९८५ ते १९९० या काळात करण्यात आला. त्याचा विषय होता करडा तित्तिर, म्हणजे आपल्याकडील तित्तिराचा एक नातलग. त्याची मादी एका वेळी पंधराच्या आसपास अंडी घालते. स्टीफन टॅपर, डिक पॉट्स आणि त्यांचे सहकारी यांनी दोन क्षेत्रे निवडली. एका क्षेत्रात विणीच्या हंगामात खोकड, कावळे, मॅगपाय पक्षी इत्यादी भक्षकांची संख्या कमी करण्यात आली. दुसऱ्यात त्यांना हात लावला नाही. तीन वर्षांनंतर क्षेत्रांची अदलाबदल करण्यात आली, म्हणजे जमिनीच्या चांगलेवाईटपणामुळे निष्कर्षात दोष राहू नये.

भक्षक कमी केलेल्या क्षेत्रात ऑगस्टमधील तित्तिरांची संख्या दरवर्षी ७५ टक्क्यांनी वाढली. पुढील हंगामात वीण करणाऱ्या पक्ष्यांची संख्या मात्र ३६ टक्क्यांनीच वाढली. वाढाव्यातील बराच भाग मधल्या काळात नाहीसा झाला, हा या दोन आकड्यांतील अंतराचा अर्थ होय. तरीही तीन वर्षांत वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या संख्येत २.६ पट फरक पडला. भक्षकांचा परिणाम खरा असतो, हे यावरून सिद्ध झाले.

भक्षक आणि शेत

परंतु हा निष्कर्ष सर्वत्र सारखाच लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये टिटवीच्याच कुळातील लॅपविंग या पक्ष्यासंबंधी ११ ठिकाणी आठ वर्षे प्रयोग झाला. तेथे खोकड व कावळे कमी केल्याने सर्व ठिकाणी मिळून घरट्यांच्या यशात निश्चित फरक दिसला नाही. जेथे हे भक्षक मुळातच फार होते, तेथेच लाभ झाला.

भक्षक पूर्वीही होते आणि पक्षीही होते. मग ब्रिटनमधील करड्या तित्तिरांची संख्या १९६७ नंतर नव्वद टक्क्यांहून अधिक का घटली? ससेक्स परगण्यात १९६८ पासून चाललेल्या अभ्यासात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते. तणनाशकांमुळे शेतातील तण गेले, आणि तणावर जगणारे किडेही गेले. तित्तिराची पिल्ले पहिले काही आठवडे मुख्यतः किड्यांवरच वाढतात. त्यामुळे ती उपासमारीने मरू लागली. झुडपांची कुंपणे तोडली गेल्याने घरट्यांसाठी आडोसा उरला नाही. उरलेल्या अरुंद पट्ट्यांत घरटी दाटीने होऊ लागली, आणि एकाच पट्ट्याच्या कडेने चालत गेलेल्या खोकडाला ती सहज सापडू लागली. पुष्कळदा अंड्यांबरोबर उबवणारी मादीही बळी पडते. हे नुकसान पुन्हा अंडी घालून भरून येत नाही.

म्हणजे घरटे लुटणारा भक्षक असला, तरी त्या घरट्याचा मार्ग त्याला पुष्कळदा शेतानेच मोकळा करून दिलेला असतो. भक्षक सरसकट मारणे हा यावर उपाय नव्हे. मुंगूस, खोकड आणि साप उंदीरही खातात, आणि त्यांचा तो उपयोग शेतकऱ्याला गमवावा लागेल. याउलट, बांधावरचे गवत विणीच्या दिवसांत न कापणे, नांगरताना आढळलेल्या घरट्याभोवती थोडी जागा सोडणे, कुत्री आणि कावळे यांना पोसणारा गावाचा उकिरडा झाकून ठेवणे, या गोष्टी कोणासही करता येण्याजोग्या आहेत. पंचतंत्रातील टिटवीला आपली अंडी परत मिळविण्यासाठी गरुडामार्फत विष्णूकडे दाद मागावी लागली. शेतातील टिटवीला एवढे मोठे साह्य नको असते. तिला बांधालगतची हातभर जमीन महिनाभर निर्वेध मिळाली, तरी पुरे आहे.