जॉन्जू : मुक्काम करून शिकण्याचे स्वयंपाकघर

दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येला, सोलपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर जॉन्जू वसले आहे. पश्चिमेला होनामचे भातशेतीचे मैदान, पूर्वेला डोंगर आणि पिवळा समुद्रही फार लांब नाही. तांदूळ, रानभाज्या आणि खारवलेली मासळी अशी तिन्ही एकाच बाजारात मिळतात, आणि शहराच्या जेवणाचा लौकिक त्यांच्यावरच उभा आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये जॉन्जूला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली.

कोरियाच्या जुन्या जोसॉन राजघराण्याचे मूळ गाव हेच. संस्थापक राजा तेजोचे चित्र जपण्यासाठी १४१० मध्ये बांधलेले ग्योंगीजॉन मंदिर आजही शहराच्या मध्यभागी आहे. त्याच्या शेजारी कौलारू, लाकडी हानोक घरांची प्रसिद्ध वस्ती आहे. तिथली बरीच घरे १९३० च्या सुमाराची. शहराचा तट पाडल्यावर जपानी व्यापारी शहरात शिरले, तेव्हा स्थानिकांनी आपल्या पद्धतीची घरे एकवटून बांधली. स्वयंपाक शिकायला एकट्याने दीर्घ मुक्काम करायचा तर मात्र वस्तीबाहेरची, चूल असलेली छोटी सदनिका सोयीची. पाहुण्यांसाठीच्या हानोक खोल्यांत बहुधा स्वयंपाकघर नसते.

पर्यटकांसाठीच्या वर्गात दोन तासांत बिबिम्बाप, म्हणजे भाज्या कालवलेला भात, शिकवतात. पण ते कालवणे झाले; खरे काम त्याआधीचे. प्रत्येक भाजी वेगळी उकडायची, वेगळी पिळायची, तिळाचे तेल, लसूण आणि मिठाने वेगळी चोळायची. जॉन्जूच्या ताटात सोयाबीनचे मोड हवेतच. ते शिजवताना झाकण एकतर शेवटपर्यंत बंद ठेवतात किंवा पहिल्यापासून उघडे. मध्येच उघडले तर हिरवट वास राहतो, असे तिथल्या गृहिणी बजावतात.

याच मोडांचा कोंगनामुल गुकबाप हा भाताचा रस्सा नाम्बू बाजारात सकाळी मिळतो. गार भातावर उकळता रस्सा ओतायचा, परत भांड्यात काढायचा, पुन्हा ओतायचा. भात आतपर्यंत गरम होतो, पण फुटत नाही. हे हाताचे काम बघूनच शिकावे लागते. एकट्या माणसाला हे जेवण सोपेही पडते, कारण मांस भाजून खाण्याच्या बऱ्याच ठिकाणी किमान दोघांची ऑर्डर लागते.

मुरवणाचे पदार्थ शिकायला ऋतू द्यावे लागतात. हिवाळ्याच्या तोंडावर उकडलेल्या सोयाबीनच्या विटा बांधून टांगतात. हिवाळा सरताना त्या मिठाच्या पाण्यात घालतात आणि दीड-दोन महिन्यांनी पाणी व चोथा वेगळे करतात; पाण्याचा सोया सॉस होतो, चोथ्याचा द्वेनजांग. गोचुजांग या मिरचीच्या तिखट मुरवणासाठी नावाजलेला सुनचांग तालुका याच प्रांतात आहे. सोयाबीनची अशी मुरवणे करण्याची परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. हिवाळ्याची किमची एकत्र जमून घालण्याची प्रथा, किमजांग, २०१३ मध्येच तिथे पोहोचली होती.

या भागातली किमची झणझणीत असते आणि तिच्यात खारवलेली मासळी सढळ हाताने घालतात. शाकाहारी माणसाने हे आधीच विचारून घ्यावे; भाज्यांच्या रश्शातही सुकी मासळी असू शकते. त्यावर चांगला उपाय जवळच आहे. मोआकसान डोंगराच्या पायथ्याच्या गुमसानसा या बौद्ध मठात पाहुण्यांना राहता येते, आणि कोरियन मठांच्या परंपरागत स्वयंपाकात मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही वर्ज्य असतो.