वहीतला खेळ खोक्यात भरताना

आमच्या विंगमध्ये मेंढीकोटचा डाव बसला की एकदा तरी भांडण होतंच. बंद हुकूम की कट हुकूम, दहिल्या सारख्या झाल्या तर कोण जिंकलं... प्रत्येक गावचा नियम वेगळा. परवा कुणीतरी वैतागून म्हणालं, "एकदाचे लिहून काढा ना रे!" बसलो लिहायला. दुसऱ्याच पानावर गाडी अडकली. तेव्हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची गोष्ट आठवली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण सूत्रधार. तो सांगतो, समोर अंधारं भुयार आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय, काय करता? बाकीचे एकेक पात्र घेऊन बसलेले. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार. करायचं काय ते तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फासे टाकून ठरवायचं. शेवट नाहीच, पुढच्या आठवड्यात पुढे चालू!

हा काही कंपनीत बसून काढलेला खेळ नव्हे. अमेरिकेतल्या मिनिसोटा राज्यात छोटे सैनिक टेबलावर मांडून लढाया खेळणारं एक टोळकं होतं. त्यातल्या डेव्हिड वेसलीने १९६९ मध्ये प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. त्याच टोळक्यातल्या डेव्ह आर्नेसनने १९७१ च्या सुमारास किल्ल्याखाली तळघरं खणली, त्यात राक्षस सोडले आणि आपल्या मित्रांना आत धाडलं. १९७२ च्या अखेरीस त्याने हा प्रकार विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्सला खेळून दाखवला. गायगॅक्स खूश! म्हणाला, नियम पाठव.

इथेच खरी गोम आहे. नियम होते आर्नेसनच्या डोक्यात. अडलं की तो निकाल द्यायचा आणि मंडळी ऐकायची. कागदावर निघाली वीसेक पानांची टिपणं. त्यावरून गायगॅक्सने टाइपरायटर बडवून पुस्तक उभं केलं, आणि घरच्याच मुलांना गिनीपिग करून खेळून पाहिलं.

पैशाची बोंबच होती. गायगॅक्सची विम्याची नोकरी गेलेली, तो घरी बूट दुरुस्त करायचा. १९७३ मध्ये त्याचा बालमित्र डॉन के याने विमा पॉलिसीवर १००० डॉलर उचलले, पुढे ब्रायन ब्लूमने २००० घातले. जानेवारी १९७४ मध्ये खोकी तयार झाली. तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १०००. खोकी भरायची घरीच. वर्षभरात सगळी संपली.

पण खोक्यासोबत आर्नेसन थोडाच येतो! मारामारीसाठी 'चेनमेल' नावाचं आधीचं पुस्तक हवं, आणि रानावनात फिरायला चक्क दुसऱ्या कंपनीच्या खेळाचा पट. (म्हणजे आपल्या लॅब मॅन्युअलसारखंच: 'मागील प्रयोग पहा', आणि मागील प्रयोग गायब.) गंमत अशी की या अर्धवटपणातूनच नवे खेळ निघाले. कॅलटेक या इंजिनिअरिंगच्या पंढरीतल्या पोरांनी नियम जुळवून 'वॉरलॉक' नावाची आपली आवृत्ती १९७५ मध्ये छापली. त्याच वर्षी ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेने 'टनेल्स अँड ट्रोल्स' लिहिला. त्याला ते चित्रविचित्र फासे नकोच होते, साधे सहा बाजूंचे बस्स. त्याने विद्यापीठाच्या छापखान्यातून फक्त १०० प्रती काढल्या. माझ्या मते ही पुढची मंडळी जास्त हुशार. आपला सूत्रधार घरोघरी जाणार नाही, हे त्यांना आधीच कळलेलं होतं.

दुसरी गोम मालकीची. जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हार्ट ॲटॅकने गेला, अवघा ३६ वर्षांचा. कंपनी वाढली. १९७७ पासून निघालेल्या सुधारित मालिकेवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्सचं नाव. आर्नेसनने १९७९ मध्ये रॉयल्टीसाठी कोर्ट गाठलं, १९८१ मध्ये तडजोड झाली. एकाने सुचवलं, एकाने लिहिलं, मग खेळ कुणाचा? टाइप करणाऱ्याचे कष्ट काय थोडे असतात? आणि ज्यांनी आठवडेच्या आठवडे त्या तळघरात मरून मरून खेळ घडवला, त्यांचं काय? पहिल्या खोक्यावर निदान दोन नावं तरी होती.

तर आमच्या दोन पानांवर आम्ही सध्या चौघांची नावं घातली आहेत. हुकुमाची ओळ अजून कोरी आहे. ती पानं आता शेजारच्या विंगला देणार, आणि ते खेळत असताना आमच्यातल्या कुणीही तिथे तोंड उघडायचं नाही असं ठरलंय.