ऊन, धूळ आणि खारं पाणी

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चाकणच्या कारखान्यात तयार व्हायची, फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावच्या. दोन्ही आकाराने लहान, दोन्हींत टर्बो इंजिन. अबार्थच्या 1.4 लिटरच्या इंजिनात तर 145 अश्वशक्ती. या गाड्या आता नव्या मिळत नाहीत, त्यामुळे वेगाची हौस असलेली मंडळी त्या सेकंड हँड बाजारात शोधतात. पुण्या-मुंबईत सात-आठ वर्षं धावलेली अशी एखादी गाडी शेगावला आली, की तिच्याबरोबर आधीच्या मालकाच्या काळातली तेलंही येतात. नवा मालक आधी टायर, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमवर खर्च करतो. माझ्या मते पहिला खर्च इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल यांवरच व्हायला हवा, सर्व्हिस बुकात काहीही लिहिलेलं असलं तरी. हे द्रव किलोमीटरने जुने होतात तसेच काळाने, उष्णतेने आणि पाण्यानेही जुने होतात. शेगावात तर त्यांची खरी परीक्षा आहे.

इंजिन ऑइल नेमकं काय करतं, हे कळलं ते रेल्वेमुळे. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगला वरून पाडलेल्या भोकातून तेल बाहेर येऊ लागलं, म्हणून त्याने तिथे लाकडी खुंटी ठोकली. आस फिरू लागताच तेलाने ती खुंटी बाहेर ढकलली. फिरणारा आस स्वतःच तेलाला आत ओढतो, दाब निर्माण करतो आणि त्या दाबावर तरंगतो, हे त्यातून दिसलं. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. आजच्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्येही धातू धातूला टेकत नाही. मधे काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा थर असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा.

एवढ्या पातळ थरात धूळ शिरली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात शेगावच्या आसपास काळ्या मातीचा फुफाटा उडतो. त्या धुळीतले सिलिकाचे कण पोलादापेक्षा कठीण असतात आणि तेलाच्या थरापेक्षा जाड असू शकतात. म्हणून ऑइल बदलताना ऑइल फिल्टर तर बदलायचाच, पण एअर फिल्टरही काढून बघायचा. त्याचा रबरी काठ नीट बसलेला नसेल, तर नवं ऑइलही थोड्याच दिवसांत वाया जातं.

दुसरा शत्रू उष्णता. टर्बोचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतं. त्याच्या एका बाजूला 900 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला धूर आणि मधल्या बेअरिंगला आधार त्याच इंजिन ऑइलचा. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की तेल हवेतल्या ऑक्सिजनने खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. डब्यावरच्या 5डब्ल्यू-40 मधला 40 हा आकडा 100 अंशांवर तेल किती दाट राहतं ते सांगतो. हा दाटपणा टिकवायला तेलात लांब साखळ्यांचे पॉलिमर मिसळलेले असतात. थंडीत ते सुताच्या गुंडीसारखे आवळलेले असतात आणि तापल्यावर उलगडतात. बेअरिंगमध्ये रगडून रगडून या साखळ्या तुटतात आणि तेल पातळ होतं. आम्ल मारणारी आणि झीज रोखणारी रसायनंही हळूहळू संपत जातात. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं इंजिन तर पुरतं तापतही नाही, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्येच राहते. म्हणून कमी चाललेल्या गाडीचंही ऑइल वर्षातून एकदा बदललेलं बरं. जोरात चालवून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं, तर टर्बोतलं तेल जळून त्याचा कोळसा होत नाही.

आता कूलंट. इथे शेगावचा भूगोल थेट बॉनेटखाली येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतलं पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. जमिनीतल्या पाण्यात क्षार इतके, की पिण्याची आणि ओलिताची दोन्हींची पंचाईत. शेगाव तालुका त्याच पट्ट्यात येतो. इथे बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं म्हणजे इंजिनाचं नुकसान ओढवून घेणं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तापलेल्या धातूवर पापुद्र्यासारखे बसतात. त्यांतून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने फारच हळू जाते. क्लोराइडचं काम आणखी वाईट. अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा संरक्षक थर असतो. क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि धातूला सुईने टोचल्यासारखी छिद्रं पडतात.

त्यात इथला मे महिना. कूलंट 90 अंशांवर आणि बाहेरची हवा 25 अंशांवर असेल, तर रेडिएटरला 65 अंशांचा फरक मिळतो. हवा 45 वर गेली की फरक उरतो 45 चा. म्हणजे त्याच रेडिएटरची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. मग क्षारांचा थर परवडणार कसा? निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण साध्या हवेच्या दाबावर 107 अंशांच्या आसपास उकळतं, आणि झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे त्याहून बरंच वर. ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी रसायनंही येतात आणि तीही काही वर्षांत संपतात. रंग बघून कूलंट मिसळू नये. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, आतलं रसायन वेगळं असू शकतं आणि दोन न जुळणारी कूलंट एकत्र आली तर त्यांचा गाळ धरतो. जुन्या मालकाने काय ओतलं होतं याचा भरवसा नसेल, तर पूर्ण काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन मगच नवं भरावं.

सगळ्यात दुर्लक्षित असतं ते ब्रेक ऑइल. हे खरं तर तेल नाहीच, ते ग्लायकॉल ईथरच्या कुळातलं रसायन आहे आणि ते हवेतली ओल शोषतं. रबरी नळ्यांमधूनही पाणी त्यात झिरपतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांना उकळायला हवं, असं मानक सांगतं. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. खामगावहून बुलढाण्याला जाताना बोथ्याचा घाट लागतो. समजा, 1,200 किलोची गाडी 300 मीटर उंचीवरून फक्त ब्रेकवर उतरवली, तर जी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते ती सुमारे 11 लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल. ती उष्णता डिस्क आणि पॅडमधून कॅलिपरपर्यंत पोचते. आत पाणी असेल तर वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, सीलबंद डबाच वापरायचा आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्यायची. गॅरेजच्या फळीवर पावसाळाभर अर्धवट उघडा राहिलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. घाटात गाडी गिअरमध्ये उतरवावी, हे ओघाने आलंच.

गिअर ऑइल ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. 1.2 लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरची, कोरड्या दुहेरी क्लचची पेटी असते. नोव्हेंबर 2013 मध्ये फोक्सवॅगनने याच जातीच्या पेट्या असलेल्या जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण आणि दमट हवेत, सारखं थांबत-चालत असताना, पेटीतल्या सिंथेटिक तेलामुळे विजेच्या जोडणीत बिघाड होऊ शकतो, असं आढळलं होतं. उपाय म्हणून त्याजागी खनिज तेल भरायचं ठरलं. एरवी उजवं समजलं जाणारं तेल तिथे मागे घ्यावं लागलं. अशी जुनी गाडी घेतली असेल तर चासी नंबर सांगून अधिकृत सर्व्हिस केंद्रात नोंद तपासून घ्यावी, आणि महागडं सिंथेटिक घालण्याचा हट्ट धरू नये.

काढलेल्या तेलांचं काय करायचं, हेही गाडी उचलण्याआधीच ठरवावं. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. नालीत सोडलेलं कूलंट गुरं-कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गोड्या पाण्याची आधीच टंचाई असलेल्या या भागात जळकं ऑइल मातीत ओतणं तर अक्षम्य आहे. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासतात, त्यातूनही ते पावसाबरोबर जमिनीत उतरतं. 2016 च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे आणि तो परवानाधारक प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा. तिथे त्यातलं पाणी, काजळी आणि संपलेली रसायनं वेगळी काढतात, आणि उरलेलं मूळ तेल पुन्हा वापरात येतं, कारण त्याचे रेणू बहुतांशी शाबूतच असतात.