जुन्या व नव्या नकाशांतील रेखांशांचा मेळ

ऐतिहासिक पत्रांतील स्थलनिर्णय करितांना जुना व नवा नकाशा शेजारीं मांडून पाहण्याचा प्रघात आतां रूढ झाला आहे. परंतु एकाच गांवाचे रेखांश दोहोंत निराळे दिसले, म्हणजे गांवें दोन असावींत किंवा जुना मोजणीदार चुकला असावा, असें मानण्याकडे अभ्यासकांचा कल होतो. आमच्या मतें हीं दोन्ही अनुमानें घाईचीं होत. आंकडा कोणत्या आरंभस्थानापासून मोजला हें ठरल्यावांचून तो पुराव्यास घेतां येत नाहीं.

पहिला प्रश्न शून्य रेखेचा. आपल्या सिद्धांतग्रंथांची मध्यरेखा लंका व उज्जयिनी यांवरून जाते. फ्रेंच नकाशे पुष्कळदां पॅरिसपासून मोजलेले असतात. पॅरिसची रेखा ग्रिनिचच्या पूर्वेस २ अंश २० कला १४ विकला असल्यामुळें तेथून मोजलेल्या पूर्व रेखांशांत तितकी बेरीज केली पाहिजे.

दुसरा प्रश्न सूक्ष्म आहे व फसगत यानेंच अधिक होते. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचे रेखांश मद्रास वेधशाळेवरून आणलेले होते. त्या वेधशाळेचा ग्रिनिचपासूनचा गृहीत रेखांश पुढें तारायंत्राच्या साहाय्यानें तपासतां अधिक असल्याचें ठरलें. त्यामुळें मोजणीचें मूलस्थान जें माळव्यांतील कल्याणपूर, त्याचा रेखांश ७७ अंश ४१ कला ४४.७५ विकला होता, तो ७७ अंश ३९ कला १७.५७ विकला करण्यांत आला. हा फरक २ कला २७.१८ विकलांचा, पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारें ४.३ किलोमीटर भरतो. सिंहगडाचा रेखांश आज सुमारें ७३ अंश ४५ कला येतो. दुरुस्तीपूर्वीच्या नकाशावर तोच ७३ अंश ४८ कलांच्या जवळ दिसेल. तो आंकडा तसाच नव्या नकाशावर मांडल्यास गड पूर्वेस सरकून भलत्याच खोऱ्यांत पडेल!

तिसरा प्रश्न पृथ्वीच्या आकाराचा. जुने पत्रे एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या लंबगोलावर रचलेले आहेत. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर. उपग्रहांच्या मोजणींत वापरला जाणारा डब्ल्यूजीएस-८४ हा लंबगोल ६३,७८,१३७ मीटर त्रिज्येचा असून दोहोंचे मध्यबिंदुहि एक नाहींत. यामुळें महाराष्ट्रांत एकाच स्थानाच्या दोन नोंदींत शंभर ते दीडशे मीटरांचें अंतर पडतें. एवढ्यानें एखादी समाधि ओढ्याच्या एका कांठावरून दुसऱ्या कांठावर जाते.

म्हणून दुरुस्त्या याच क्रमानें कराव्या: आधीं शून्य रेखा, मग मद्रासचा फरक, शेवटीं लंबगोल. नंतर निर्विवाद अशीं तीन-चार स्थानें, म्हणजे डोंगरमाथे, नदीसंगम, देवळांचे कळस, पडताळून पाहावीं. सर्वच स्थानें एका दिशेस सारखीं सरकलेलीं दिसलीं, तर दोष हिशेबांत आहे. एकच सरकलें असेल, तरच मोजणीविषयीं किंवा स्थळाविषयीं शंका घ्यावी. नकाशा हातानें सरकवून जुळविणें मात्र टाळावें. त्यानें खरी चूकहि झांकली जाते.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. रेखांश कोणत्या मानाचे आहेत व त्यांत किती दुरुस्ती हवी, याची टीप बहुधा पत्र्याच्या समासांत छापलेली असते. पुठ्ठ्यावर चिकटवितांना किंवा बांधणींत हाच समास प्रथम कापला जातो. तो गेला कीं उरलेला नकाशा सुंदर राहतो, पण त्याची साक्ष निम्मी नाहींशी होते. समास राखावा; तो आधींच गेला असल्यास तसें यादींत लिहून ठेवावें.