पाळणाघरातून मूल काढताना

कामगाराला कामावरून काढावयाचे तर कारण द्यावे, मुदतीची सूचना द्यावी, हिशेब चुकता करावा, यासाठी आम्ही तीस वर्षे भांडत आलो. शाळा आम्ही चौथीपर्यंतच पाहिली. कायदे शिकलो ते गेटवर उभ्या उभ्या. परंतु पाळणाघरातून मूल काढावयाचे झाले म्हणजे हेच नियम तेथेही लागू पडतात, हे आम्हांला एका बाईमुळे उमगले.

ती पॅकिंग खात्यात काम करणारी. मुलगा दोन वर्षांचा. कचेरीत येऊन म्हणाली, "भाऊ, पोरगं तिथं जेवतच नाही. चार महिने झाले. काढावं तर पहिली पाळी सुटते, आणि पाळी सुटली की काम सुटलं."

आम्ही सवयीने विचारले, "मारतात का? अर्ज लिहू?"

"नाही हो. सांभाळणाऱ्या बाई चांगल्या आहेत. पण पोरं पंचवीस अन्‌ बाया दोन. माझ्या पोराला तो गलका सोसत नाही."

आमची लेखणी थांबली. दोषी कोणीच नाही, अशी तक्रार लिहावी तरी कशी?

न जुळणे हा कोणाचा गुन्हा नव्हे. मात्र ते ओळखावयास धीर लागतो. पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक मुले रडतात. आई दाराबाहेर गेल्यावर मूल शांत होते का, खेळते का, जेवते का, हे पाहावे. महिने लोटूनही ते उपाशी राहत असेल, रात्री दचकून उठत असेल, बोलावयाचे थांबले असेल, तर प्रथम तेथील बाईंशी बसून बोलावे. वेळ कमी करून, जेवणाची जागा बदलून पंधरा दिवस पाहावे. तरीही फरक नसेल तर काढावे. अंगावर वळ दिसले, किंवा झोपेसाठी औषध पाजल्याचे कळले, तर मात्र सूचना-बिचना काही नाही. त्याच दिवशी मूल घरी आणावे आणि 1098 वर कळवावे.

आता कायदा. 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले. 1976 साली ही मर्यादा तिसांवर आली. 2017 च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून पन्नास नोकर असलेल्या आस्थापनांना ते लागू झाले, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क मिळाला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. आमच्या बाईला हे ठाऊकच नव्हते. चार भेटींत जे डोळ्यांना दिसते ते संध्याकाळच्या दोन प्रश्नांत कळत नाही. कायदा डोकी मोजतो. मूल पाहावयाचे काम आईबापांचेच.

खाजगी पाळणाघर असेल तर प्रवेशाचा कागद वाचावा. महिन्याची आगाऊ सूचना मागतात, ती लूट नव्हे. रिकाम्या जागेचा भार त्या बायांच्या पगारावरच पडतो, आणि त्याही कामगारच. सूचना लेखी द्यावी, तारीख घालावी, पोच घ्यावी. अनामत कधी परत मिळणार तेही लिहून घ्यावे. दुसरी सोय लागल्याविना पहिली सोडू नये. नवी नोकरी हाती नसता राजीनामा फेकणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत!

आणि मुलाला सांगावे. दोन वर्षांच्या पोराला काय कळते, असे म्हणणाऱ्यांना आम्ही पूर्वी मान डोलावीत असू. दोन-तीन दिवस आधी साध्या शब्दांत सांगावे, शेवटच्या दिवशी त्याचा पेला, टॉवेल त्याच्याच हाती द्यावा. जुन्या बाईंना त्याच्यासमोर नावे ठेवू नयेत.

आमच्या बाईने महिन्याची मुदत दिली. मैत्रिणीने पाळी बदलून घेतली; चाळीतल्या एक आजी तीन मुले सांभाळतात, तेथे सोय झाली. निघताना पाळणाघरातील बाईंनी कागदावर लिहून दिले: खिडकीजवळ बसविले तर वरणभात खातो.

आठवड्याने गेटवर भेटली तेव्हा आम्ही विचारले, "जेवतो का?"

"अर्धी वाटी," ती म्हणाली, आणि भोंगा झाला म्हणून आत पळाली.